हात न धरता भरलेला चुडा

गोदा, तुझा टेलिफोन वाजतोय.

सकाळपासून सारखा वाजतोय. काल तुझा तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, माधव आज पहिल्यांदा बस घेऊन कामावर गेला, मुलं शाळेत गेली. घरात मी आणि तो काळा खोका असे दोघेच उरलो आहोत. तुला माहीत आहे, मी त्याला आजवर हात लावलेला नाही. धूळ पुसायची तीसुद्धा फडक्याच्या टोकाने. तू हसायचीस आणि म्हणायचीस, "वन्सं, चावत न्हाय तो." चावत नसेल, पण ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी काय बोलायचं, हे माझं म्हणणं होतं आणि अजून आहे.

काल रात्रीच्या जेवणानंतर माधवने विचारलं, "ताई, टेलिफोन काढून न्यायला सांगू का?" मी "बघू" म्हटलं. तो तुझा नवरा असला तरी आधी माझा धाकटा भाऊ आहे, माझं "बघू" म्हणजे काय ते त्याला कळतं. म्हणजे मला काहीच कळत नाही. एवढं मात्र ठाऊक आहे की टेलिफोन गेला की बांगड्यांचा धंदा गेला. रस्त्याकडचं दार तर तू केव्हाच बंद करून टाकलंस. बाबांचं दुकान चालू राहणार की नाही, हे आता मी तो उचलते की नाही यावर आहे, आणि मी इथे बाकड्यावर वही घेऊन बसून तुझ्याशी बोलतेय. रडून झालं. आता थोडं भांडायचं आहे.

तू बेटाच्या दक्षिण टोकाच्या सुरिनाम गावाहून सून होऊन इकडे उत्तरेला तेर रूजला आलीस तेव्हा आपल्या दुकानाला दोन दारं होती, एक रस्त्याकडे आणि एक घरात. मधे हे बाकडं. लग्नसराईत बाकड्यावर जागा मिळायची नाही. नवरी, तिची आई, मावश्या, आत्या, शेजारणी, एका नवरीमागे अर्धी बस उतरायची. मी खाली पाटावर बसायची आणि एकेकीचा हात हातात घ्यायची. अंगठ्याखालचं मांस दाबून बघायचं, चार बोटं जवळ आणायची, अंगठा आत वळवायचा आणि म्हणायचं, "हात सैल सोड." हात सैल सुटला की बांगडी कधी चढली ते नवरीलाही कळायचं नाही. हे मला बाबांनी शिकवलं. ते म्हणायचे, मापाचं काय, ते बोटांना कळतं. पण बाई हात सैल सोडायला तयार व्हायला पाहिजे, आणि ती समोरच्याकडे बघून ठरवते.

तू आलीस आणि पहिल्याच महिन्यात मला विचारलंस, "वन्सं, बांगडी फुटली तर तुमी काय करता?" मी ओरडलेच. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं, एवढंही तुझ्या आईने शिकवलं नाही का? तू शांतपणे म्हणालीस, "बरं, वाढली तर. वाढली तर कोन देतं दुसरी? सुरिनामवरून परत बस पकडून यायचं?" तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई काहीतरी करणार आहे. तुझ्या माहेरच्या बायका चुड्यासाठी पहाटे निघून दोन-तीन बस बदलून यायच्या, हे तू लहानपणापासून बघितलं होतंस. मला ते कौतुकाचं वाटायचं. तुला ते मूर्खपणाचं वाटायचं.

मग कारखाने आले. आधी एक, मग इथेतिथे भराभर. सकाळी गावागावांतून मुली स्वेटर विणायला, शर्टाला कॉलर लावायला निघाल्या आणि अंधार पडल्यावर परत यायला लागल्या. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत मशीनवर बसणाऱ्या मुली. त्यांच्या हातात पहिल्यांदा स्वतःची कमाई आली, डोळ्यांत चमक आली, आणि आपलं बाकडं रिकामं झालं. मला राग यायचा. तुला येत नव्हता. तू दुकानाच्या दारात उभी राहून कारखान्याची गाडी जाताना बघायचीस, आणि तुझ्या तोंडावर मत्स्यबाजारात ताजी मासळी उतरताना बायकांच्या तोंडावर येतो तो भाव असायचा. "बघा वन्सं, किती हात चाललेत," तू म्हणायचीस. मी म्हणायची, "चाललेत, येत न्हायत."

टेलिफोन आला त्या दिवसाचं मी काय सांगू? तू अर्ज करून इतकी वर्षं वाट बघितली होतीस की मी तो विषय संपला असं धरून चालले होते. एक दिवस दुपारी दोन माणसं खांबावर चढली, तार ओढली, आणि बाबांच्या फोटोखाली तो खोका ठेवून गेली. संध्याकाळी गल्लीतल्या बायका बघायला आल्या. तू त्याच्यासमोर नवी साडी नेसून बसलीस. वाजेना. रात्री जेवताना वाजला तेव्हा तू हातातला घास टाकून पळालीस, आणि पलीकडे कोणीतरी चुकून लागलेलं. तू त्या अनोळखी बाईलासुद्धा विचारलंस, "बांगड्या पायजेत का?" माधव हसून हसून खोकला. मी हसले नाही, पण खरं सांगते, आत जाऊन हसले.

आपलं खरं भांडण त्यानंतर सुरू झालं. तू म्हणालीस की आता गावागावांतल्या नवऱ्या टेलिफोनवर चुडा सांगतील, माधव आणि त्याच्या ओळखीचे ड्रायव्हर पेट्या नेतील, आणि कुणालाही इथे यायची गरज राहणार नाही. मी म्हटलं, बांगड्या म्हणजे बटाटे नव्हेत. हात हातात घेतल्याशिवाय चुडा भरता येत नाही. तू म्हणालीस, "भरायचं त्यांच्याकडे कोनीतरी भरंल. आपन फक्त मापाचं पाठवायचं." मी म्हटलं, हात धरल्याशिवाय मापच कळत नाही. तू म्हणालीस, "तुमचे बाबा तरी कुठं दुकानात बसले होते? डोक्यावर टोपली घेऊन उसाच्या कोठ्यांवर, मळ्यातल्या मजुरांच्या वस्तीत दारोदार जायचे. हे दार तर नंतरचं हाय." हे तुला माधवने सांगितलं असणार. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. बाबा हातांकडे गेले, मग हात बाबांकडे आले, हे मला कळत होतं. पण दोघांनीही घरीच बसायचं आणि मधे तार, हे मला पटत नव्हतं.

पहिली मोठी ऑर्डर तुझ्याच मावसबहिणीची, सुरिनामची. गावात टेलिफोन एका चिनी दुकानदाराकडे, तिथून तुझी मावशी बोलली. तू विचारलंस, मनगटाला दोरा गुंडाळून फुटपट्टीवर किती भरतो सांग. तिने सांगितलं. तू कागदावर काहीतरी गणित केलंस, मला दाखवलंसही नाहीस. मी पडद्याआडून बघत होते आणि मला दिसत होतं की तू मनगट मोजतेयस. बांगडी मनगटात राहते, पण जाते हाडांवरून. हे मी तुला सांगितलं असतं, पण तू विचारलं नाहीस, आणि तुझा चेहरा असा उजळला होता की मला मधे बोलवेना. शिवाय, मनातल्या मनात म्हटलं, कळू दे.

कळलं. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी टेलिफोन आला. तू ऐकत होतीस आणि तुझा रंग उतरत होता. चुड्यातली एकही बांगडी बोटांच्या हाडांवरून पुढे जात नव्हती. जबरदस्तीने दोन वाढल्या होत्या, नवरी रडत होती, आणि आजी अपशकुन झाला म्हणून चुलीपाशी बसून राहिली होती. तू टेलिफोन ठेवलास आणि माझ्याकडे बघितलंस. माझ्याकडे कुणी तसं कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "पेटी काढ. मोठ्या मापाच्या सगळ्या घे. बस सुटंल."

तो प्रवास माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा प्रवास होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. पोर्ट लुईला धावत बस बदलली, क्यूरपीपच्या धुक्यात दुसरी. मांडीवर पेट्या, आणि प्रत्येक वळणावर तू हात असे धरायचीस की जणू आत तान्हं मूल आहे. सुरिनामला उतरलो तेव्हा समुद्रावरून खारा वारा येत होता आणि तुझ्या मावशीच्या अंगणात पन्नास माणसं आपल्याकडे बघत होती. मी पाटावर बसले. नवरीचा हात घेतला. हात दगडासारखा घट्ट, रडून रडून सुजलेला. मी तिला काही विचारलं नाही, नुसता धरून बसले. मग म्हटलं, "हात सैल सोड." सुटला. चुडा चढला, आजी चुलीपासून उठली, कुणीतरी झाकरीच्या नाचाचा ढोल आणला, आणि बायका नाचायला लागल्या. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "बघितलंत? हात धरल्याशिवाय न्हायच." मी जिंकले होते. आणि मला त्याच क्षणी वाटलं की नको होतं जिंकायला, कारण तू पुन्हा प्रयत्न करणार नाहीस.

मी तुला ओळखतच नव्हते. त्याच घरात, चहा करताना, तुझ्या मावशीने चिंच काढायला जामच्या जुन्या बरणीत हात घातला. अंगठा आत वळवून, चार बोटं जवळ आणून, हात सैल सोडून. तू कप खाली ठेवलास. परतीच्या बसमध्ये क्यूरपीप आलं आणि तू एकदम म्हणालीस, "वन्सं, जामची बरनी सगळ्यांच्या घरात हाय. तीच. एकाच मापाची." मला काही समजलं नाही. तू स्वतःचा हात अंगठा मुडपून माझ्या डोळ्यांसमोर धरलास. "बरनीत जातो तो हात बांगडीत जातो." मागच्या सीटवरचा माणूस वाकून बघायला लागला.

त्यानंतरचा आठवडा आपल्या घरात कुणी स्वयंपाक नीट केला असेल तर शपथ. तू घरातल्या, शेजारच्या, माधवच्या बसमधल्या बायकांकडच्या सगळ्या बरण्या मागवल्यास. जामची, कॉफीची, लोणच्याची. प्रत्येक बरणीच्या तोंडात बांगड्या घालून बघितल्यास. गल्लीतल्या बायका ओळीने आल्या, आधी बरणीत हात, मग माझ्याकडे. मी माझ्या बोटांनी माप सांगायचे, तू बरणीने सांगायचीस. मला तुझी चूक दाखवायची होती म्हणून मी अगदी मन लावून बसले होते. जाममध्ये सहज गेला तर दोन-चार, जाममध्ये अडकला आणि कॉफीत गेला तर दोन-सहा, कॉफीतही अडकला तर दोन-आठ. बांगड्यांच्या खोक्यांवर लिहिलेले हे आकडे मी जन्मभर वाचत आले, पण ते कॉफीच्या बरणीत राहतात हे मला ठाऊक नव्हतं. तुझी बरणी आणि माझी बोटं जवळजवळ दर वेळी सारखंच बोलली. तू प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून भुवई उडवायचीस. मला इतकी चीड यायची आणि इतकी मजा यायची की कुठली जास्त ते सांगता येणार नाही.

आणि मग ती बरणीची गोष्ट बेटभर पसरली. उत्तरेकडच्या रिव्हिएर दू रांपारच्या भाजीवाल्या बायकांपासून दक्षिणेकडे सगळीकडे. सुरिनामच्या त्या दुकानदाराने तर टेलिफोनशेजारी दोन बरण्याच ठेवल्या. एकदा तिथल्या एका थोराड काकूने हौसेने जामच्या बरणीत हात घातला आणि तो निघेचना. टेलिफोन कानाला, हात बरणीत, मागे रांग. पलीकडून दुकानदार ओरडत होता, "आयो, सो लामें फिन कोले!" म्हणजे हात अडकला हो! त्याचा तो आवाज इकडे मला स्वयंपाकघरात ऐकू आला. तू टेलिफोनमध्ये ओरडत होतीस, "साबण लावा, ओढू नका, हात सैल सोडायला सांगा!" मी पीठ मळता मळता थांबले. माझं वाक्य होतं ते. तू माझं वाक्य तारेवरून त्या टोकाला पाठवत होतीस, आणि हात निघाला. त्या काकूला तू दोन-आठ पाठवल्यास आणि वर दोन जास्तीच्या, बरणीबद्दल.

कारखान्यातल्या मुलींनी तुला कापडाची कात्रणं आणून द्यायला सुरुवात केली. त्याच कात्रणांत गुंडाळून तू बांगड्या पाठवायचीस. ज्या कारखान्यांनी आपलं बाकडं रिकामं केलं त्यांच्याच लाल-पिवळ्या चिंध्यांत बांगड्या नीट पोचायला लागल्या, एकही वाढल्याशिवाय. माधवच्या सीटमागे पेट्यांची चळत असायची आणि तो प्रवाशांना बजावायचा की तिथे नवऱ्या बसल्या आहेत, पाय लावू नका. काय दिवस होते ते, गोदा. टेलिफोन वाजायचा आणि तू धावायचीस, आणि मी तुझ्यामागे खोकी उघडायला धावायची, आणि दोघींनाही धावताना हसू यायचं.

पण तू रस्त्याकडचं दार बंद केलंस ते मी तुला माफ केलेलं नाही. दाराजागी तू फळ्या लावल्यास, कारण पेट्यांना जागा पाहिजे. मला म्हणालीस, "कोन येतं आता त्या दारातून? वारा आन् कोंबड्या." खरं होतं. तरी मी म्हटलं, बाकडं हलवायचं नाही. तू बाकडं हलवलं नाहीस. पेट्या बांधायला तू स्वतः त्याच्यावर बसायचीस आणि मी खाली पाटावर. एकदा तू म्हणालीस, असा दिवस येईल की टेलिफोनमध्ये माणसाचं तोंड पण दिसेल, मग तुम्ही काय कराल वन्सं? मी म्हटलं, तोंड दिसून काय करायचं, हात दिसायला पाहिजे. तू म्हणालीस, "कोरेक, बराबर. मग हात दाखवतील." आपण दोघी त्यावर इतक्या हसलो की मुलं बाहेर बघायला आली. हे बोलणं अर्धवट राहिलंय. तो दिवस येईल की नाही माहीत नाही, पण आला तर माझी बाजू मला अजून मांडायची आहे.

आणखी एक दुपार. पेट्या बांधून झाल्या होत्या. तू सहज विचारलंस, "वन्सं, तुमच्या हातात कोन भरतं?" माझ्या हातात कोण भरणार? बाबा गेल्यापासून मी एकटी बाई, दुसऱ्यांच्या हातांत भरते, माझ्या हातात जुन्या दोन प्लास्टिकच्या. तू मला वर बाकड्यावर बसवलंस आणि स्वतः पाटावर बसलीस. माझा हात घेतलास. काय वाईट भरायचीस तू. अंगठा उलटा वळवलास, तीन वाढल्या, मला ओरखडा आला. मी म्हटलं, आधी बरणीत तरी घालून बघायचा होतास. तू मान खाली घालून म्हणालीस, "तुमचा हात बघूनच येतो मला. दोन-सहा." आणि तू चढवलेल्या त्या हिरव्या बांगड्या दोन-सहाच होत्या. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. मी एकटी राहिले याबद्दल या घरात कधी कुणी काही बोललं नाही, आणि तूही बोलली नाहीस, नुसतं माझ्या हाताचं माप लक्षात ठेवलंस. त्या बांगड्या अजून माझ्या हातात आहेत.

तू आजारी पडलीस ते इतकं भराभर झालं की मला भांडायलाही वेळ मिळाला नाही. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणून झालं.

तुला घरी आणलं तेव्हा बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, हिरवी साडी, कुंकू, चुडा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, माप कसं घ्यायचं आता. मी उठले. फळ्यांशी गेले. तुझ्या हाताकडे वळूनही बघितलं नाही. इतकी वर्षं तू माझ्यासमोर बाकड्यावर बसून कात्रणं फाडत होतीस, पीठ मळत होतीस, टेलिफोन धरत होतीस, हवेत हात नाचवत भांडत होतीस. मी दोन-चारचं खोकं काढलं. परत आले. तुझ्याशेजारी बसले, अंगठा आत वळवला, चार बोटं जवळ घेतली. सवयीने ओठांवर ते वाक्य आलं. म्हटलं नाही. एकेक बांगडी गेली. एकही वाढली नाही.

तर मान्य. हात न धरता माप कळतं. हे मला तुझ्यासमोर कबूल करायचं होतं, आणि तू समोर होतीस, पण भुवई उडवायला नव्हतीस. तरीसुद्धा, गोदा, चढवायला तुझा हात मला धरावाच लागला. त्यामुळे हे भांडण मी अर्धंच हरले असं मी समजते. तू असतीस तर म्हणाली असतीस की अर्धं म्हणजे पूर्ण.

मला हेही सांगायचं आहे की तू नसतीस तर हे दुकान बंद होऊन मी कुणाच्या तरी घरात कोपऱ्यात जपमाळ ओढत बसले असते. तू मला त्या वयात पुन्हा धावायला लावलंस. उद्या काय होईल याची मला उत्सुकता वाटायला लागली होती, आणि ती अजून गेलेली नाही. तू गेल्यावर ती जायला पाहिजे होती असं लोकांना वाटत असेल. मलाही थोडं वाटतं.

बघ, पुन्हा वाजतोय.

हे लिहिता लिहिता उठले, गोदा. उचलला. आधी उलटा धरला असणार, कारण काही ऐकूच येईना. मग फिरवला. एक मुलगी होती, रिव्हिएर दू रांपारची, बारीक आवाजाची. म्हणाली, "गोदा मावशी? मी केव्हापासून लावते हाय." मी म्हटलं, न्हाय, मी तिची नणंद. तू गेलीस हे तिला सांगितलं. ती हळूच म्हणाली की तिचं लग्न पुढच्या आठवड्यात आहे, कारखान्यातून सुट्टी मिळत नाही, पण राहू दे, आता कसं सांगायचं, मी दुसरीकडे बघते.

मी म्हटलं, "थांब. घरात जामची रिकामी बरनी हाय?"

ती पळत गेली. चपलांचा आवाज आला, कपाट उघडल्याचा आला, कुणीतरी काय शोधतेस म्हणून विचारल्याचा आला. मी टेलिफोन दोन्ही हातांनी धरून उभी होते. ती परत आली. धापा टाकत म्हणाली, "आनली मावशी. आता?"

"अंगठा आत घे. चारी बोटं जवळ आन."

"घेतली."

हात दिसत नव्हता. मी डोळे मिटले.

"आता हात सैल सोड पोरी," मी म्हटलं. "मी धरलाय."